कोर्टाच्या व्हरांड्यातले पेढे

ही कामं माझ्याकडे कशी यायला लागली, असं लोक अजूनही विचारतात, आणि विचारताना चेहरा असा करतात की जणू मी संन्यास घेतलाय. मग माझी सटकते. मी कल्याण कोर्टात घरमालक-भाडेकरूंचे दावे चालवत होते, राहायला डोंबिवलीत होते, आणि आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन गाळ्यांत मतिमंद मुलांची शाळा भरायची. बस, एवढंच. पालक मुलांना सोडायला यायचे, जिन्यापाशी माझी पाटी दिसायची, कोर्टाचं काही निघालं की वर यायचे. दया-बिया काही नाही. खाली दातांचा दवाखाना असता तर मी दातांच्या केसेस लढले असते.

मतिमंद हा शब्द तेव्हाचा. ऐंशीच्या दशकात सगळे तोच वापरायचे, शाळेच्या पाटीवरही तोच होता, म्हणून मीही तो तसाच ठेवते.

वर येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न फिरून फिरून एकच असायचा. आमच्या माघारी काय? सुरुवातीला मी या प्रश्नाला कंटाळायचे, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि मला उत्तर नसलेले प्रश्न आवडत नाहीत. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आईबाप त्याचे पालक. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ते सज्ञान, स्वतःचं बघायला मोकळं. बघता येत नसेल तर? त्यासाठी हाताशी होता तो इंग्रजांच्या वेळचा वेड्यांचा कायदा. त्यात माणसाला दोनच खण होते, शहाणा नाहीतर वेडा. स्वतःचं नाव सांगणारी, मेथी निवडणारी, ओळखीच्या माणसाला बघून हसणारी, पण बँकेच्या कागदावर कशासाठी सही करायची हे न कळणारी माणसं कुठल्या खणात घालायची, हे त्या कायद्याला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

बाई माझ्याकडे आल्या त्या अशाच. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे सगळी डोंबिवली त्यांना बाईच म्हणायची. स्कॉलरशिपला बसणाऱ्या मुलांना सकाळी सहाला घरी बोलावून फुकट शिकवायच्या आणि आपल्या हाताखालचं मूल नापास होऊच शकत नाही अशा थाटात वावरायच्या. त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी तळमजल्यावरच्या शाळेत होती. मुलगी म्हणजे पंचविशी ओलांडलेली बाई, पण तिला सगळे मुलगीच म्हणायचे आणि मीही तेच म्हणत आलेय. जन्मल्या दिवशीच डॉक्टरांनी तिचे डोळे आणि तळहात बघून सांगितलं होतं की ही अशीच राहणार. वडील रेल्वेत, कल्याणच्या यार्डात होते, ते ती शाळकरी वयाची असतानाच गेले. घरात बाई, मुलगी आणि बाईंची धाकटी बहीण. ही मावशी लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती आणि ठाण्याला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करायची.

काम साधं होतं, निदान मला साधं वाटलं. वडिलांची फॅमिली पेन्शन बाईंना मिळत होती. बाईंनंतर ती मुलीला जन्मभर मिळण्याचा नियम होता, पण त्यासाठी मुलीला कोर्टाने नेमलेला पालक हवा. राहता फ्लॅटही वडिलांच्या नावचा, म्हणजे उद्या सगळा मुलीचाच होणार. तेव्हा ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, मुलगी असमर्थ आहे असं ठरवून घ्यायचं आणि आधी आई, तिच्यानंतर मावशी अशी पालक म्हणून नेमणूक करून घ्यायची. बाईंना हृदयाचा त्रास सुरू झाला होता. त्यांना घाई होती.

मी अर्ज वाचून दाखवला तेव्हा एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"वेडी का लिहिलंय?"

"कायद्यात दुसरा शब्द नाही, बाई."

"मग कायदा बदला."

"तो मी आज दुपारपर्यंत नाही बदलू शकत. सही करा."

त्यांनी सही केली, पण पेन असं टेबलावर ठेवलं की मला शाळेतले दिवस आठवले.

सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला लागणार होता. तिथे डॉक्टरांनी मुलीला नाव विचारलं, वार विचारला, देशाची राजधानी विचारली. मुलगी त्यांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघत बसली. पाच मिनिटांत दाखला मिळाला, अगदी आम्हाला हवा होता तसा. मी खूश. बाई मात्र जिना उतरताना मुलीचा हात घट्ट धरून पुढे निघाल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "सगळं येतं हो तिला. नवीन जागा होती ना, गांगरली."

तिथेच माझे कान टवकारायला हवे होते, पण मी पुढच्या तारखेचा विचार करत होते.

तारखेच्या आधी मी त्यांना स्पष्ट सांगितलं. जज्जसाहेब मुलीला बघणार, दोन-चार प्रश्न विचारणार. तिला नेहमीसारखी आणा. काही पढवू नका. ती जशी आहे तशी दिसली पाहिजे.

"म्हणजे कशी?" बाईंनी विचारलं.

"जशी आहे तशी."

"बरं," बाई म्हणाल्या. आता तीस वर्षं मुलांना परीक्षेला बसवलेल्या बाईला 'मुलीला परीक्षेला ने पण तयारी करू नकोस' असं सांगून काय होणार होतं? मासळीवालीला म्हणावं, आज पाट्या घेऊन बस पण ओरडू नकोस!

ठाण्याच्या कोर्टात त्या दिवशी मुलगी आली ती कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून. दोन वेण्या, लाल रिबिनी, केसांना तेल, कपाळावर टिकली, हातात घडी केलेला रुमाल. बाईंनी स्वतः ठेवणीतली साडी नेसली होती. नातेवाइकांना नोटीस जाते तशी मुलीच्या काकांनाही गेली होती. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कल्याणच्या बाजारात धान्याचा होलसेल धंदा. पांढरा शर्ट, काखेत काळी पिशवी. त्यांची हरकत काही नव्हती. कोर्ट ठरवेल ते आम्हाला मान्य, असं सांगून ते बाजूला बसले.

जज्जसाहेबांनी आम्हाला चेंबरमध्ये बोलावलं. चांगला माणूस होता. मुलीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "नाव काय बेटा तुझं?"

मुलीने नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मग कोणी न विचारता पत्ता सांगितला, बिल्डिंगच्या नावापासून पिनकोडपर्यंत.



"आज वार कोणता?"

"गुरुवार. काल बुधवार होता. उद्या शुक्रवार आहे."

"वा! देशाची राजधानी?"

"दिल्ली. राज्याची मुंबई. उपराजधानी नागपूर."

पंतप्रधान झाले, महिने झाले, ऋतू झाले. मी मागे वळून बघितलं. बाई ताठ बसल्या होत्या आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता. मुलगी जज्जांकडे बघतच नव्हती. ती आईच्या ओठांकडे बघत होती.

"साहेब," मी म्हणाले, "हे पाठ केलेलं आहे."

"पाठ केलंय म्हणजे काय?" हे बाई म्हणाल्या. माझ्या अशील! भर चेंबरमध्ये, माझ्याविरुद्ध! "सगळेच पाठ करतात. तुम्ही वकिलीची पुस्तकं पाठ नाही केलीत?"

जज्ज हसले. मी अगदी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, साहेब, व्यवहारातलं काहीतरी विचारा. घरात आग लागली तर काय करशील, असं विचारा. त्यांनी विचारलं.

"बाहेर पळीन आणि शेजाऱ्यांना हाक मारीन," मुलगी म्हणाली, "आणि गॅसला हात लावणार नाही." तेही पढवून झालं होतं. शेवटी तिने रुमाल मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "झालं. आता घरी जाऊया." रोजचा सराव संपला की बाई हेच म्हणायच्या, हे मला मावशीने नंतर सांगितलं.

"बाई," जज्जसाहेब म्हणाले, "माझ्या पुतण्याला पिनकोड विचारा, नाही येणार. हिच्यात काय कमी आहे? हिला कशाला हवा पालक?" अर्ज फेटाळला. मुलीचं मन दुबळं असल्याचं सिद्ध होत नाही, असा हुकूम झाला.

बाहेर व्हरांड्यात आले तर बाईंनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला होता. येतानाच विकत घेऊन आल्या होत्या. घरून निघतानाच त्यांना निकालाची खात्री होती! पट्टेवाल्याला पेढा, टायपिंगवाल्याला पेढा, बाकावर बसलेल्या कोणकोणत्या खटल्यांतल्या अनोळखी माणसांना पेढा. काकांना दोन. "पास झाली हो," त्या म्हणत होत्या, "जिल्हा न्यायाधीशांनी पास केली." लोकांना काहीएक कळलं नाही, पण पेढा कोण नाकारतो. मुलगी मागोमाग फिरत प्रत्येकाला "घरी या हं" म्हणत होती. ओळखीच्या माणसाचा निरोप घेताना म्हणतात ते वाक्य तिला अतिशय आवडायचं आणि ती ते कुठेही, कोणालाही म्हणायची.

माझ्यापुढे पुडा आला तेव्हा मी मागे सरले.

"आपण हरलो, बाई."

"कळतं मला. घ्या."

"मी हरल्याचे पेढे खात नाही."

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. ती मला कोटमावशी म्हणायची, काळ्या कोटामुळे. बाईंनी पुडा माझ्यापुढून काढून घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र काही कमी झाला नाही. मी चिडून म्हणाले, तुम्ही मुलगी पास केलीत आणि केस नापास केलीत. पेन्शन गेली. उद्या तुम्हाला काही झालं तर हिचं कोण? चला, हायकोर्टात अपील करू.

"अपील म्हणजे आता वरच्या साहेबांना सांगायचं, की हिला नापास करा?"

"हो. तसंच."

बाईंनी पुडा नीट बंद करून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "बालवाडीत घेतली नाही हिला. पहिलीत घेतली नाही. माझ्याच शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलं, बाई, वर्गात नका आणू. डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल लावला. आज पहिल्यांदा एका माणसाने हिला समोर बसवून सांगितलं की हिच्यात कमी नाही. आता मी स्वतः जाऊन म्हणू, साहेब, आहे हो कमी? नाही वकीलबाई. राहू दे."

वकिलाच्या नजरेतून हा शुद्ध मूर्खपणा होता, आणि मी तो त्यांना बोलूनही दाखवला. आम्ही रिक्षाने स्टेशनपर्यंत गेलो ते तोंडं फिरवून.

त्यानंतर तीन-चार वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. मुलगी शाळेच्याच कार्यशाळेत फुलवाती वळायला आणि पाकिटं चिकटवायला बसू लागली. सकाळी आईने किल्ली गळ्यात अडकवली की ती एकटी रस्ता ओलांडून यायची आणि संध्याकाळी एकटी जायची. मला जिन्यात भेटली की "घरी या हं" ठरलेलं. मी "येते" म्हणायचे आणि जायचे नाही.

मग एका सकाळी बाई गेल्या. स्कॉलरशिपची मुलं नेहमीप्रमाणे सहाला येऊन दारात उभी होती, दार उघडलं मुलीने, आणि तिने मुलांना सांगितलं की आई उठत नाहीये.

तेराव्याला काका आले आणि आठवड्याभरात माझ्या ऑफिसात आले. त्यांना खलनायक करायचा मोह मला होतो, पण ते तसे नव्हते. समोर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "वकीलबाई, मी काय वैरी आहे का पोरीचा? माझ्या भावाचं रक्त आहे. नाशिकच्या पुढे एक आश्रम आहे, मी स्वतः बघून आलोय. गाई आहेत, भजन असतं, अशाच पोरी आहेत. फ्लॅट विकून पैसे आश्रमात ठेवायचे, की जन्माची ददात मिटली. मावशी दिवसभर ठाण्याला. पोरीने कोणाला दार उघडलं म्हणजे? आज मावशी आहे, उद्या?"

 त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी एवढंच विचारलं, "मुलीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं?" काका खरोखरच चकित झाले होते.

काकांनी ठाण्याला अर्ज टाकला. पुतणी मनाने दुबळी असल्याचं ठरवावं आणि आपल्याला तिचा आणि तिच्या मालमत्तेचा पालक नेमावं. अर्जात वेडी हाच शब्द, माझ्याच जुन्या अर्जातून उचलल्यासारखा.

मी संध्याकाळी बाईंच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मावशी ऑफिसातून नुकतीच आली होती, मुलगी ओट्याशी साखरेचा डबा धरून उभी होती. मी मावशीला नीट समजावून सांगितलं. दोन रस्ते आहेत. मुलगी असमर्थ आहे असं आपणच मान्य केलं तर पेन्शन सुरू होईल, पण मग पालक कोण हे कोर्ट ठरवणार, आणि सख्खे काका समोर असताना मावशीला नेमतील याची मी हमी देत नाही. ती समर्थ आहे असं म्हटलं तर काकांचा अर्ज उडेल, ती याच घरात राहील, पण पेन्शनवर कायमचं पाणी. एकाच बाईला पेन्शनसाठी वेडी व्हावं लागत होतं आणि घरासाठी शहाणी. हा काय कायदा झाला का? मी संतापून बोलत होते, आणि समोर तर काकाही नव्हते.

"पेन्शनचं सोडा," मावशी म्हणाली. "माझा पगार आहे, आम्ही खाऊ तेच ती खाईल. पण ती जाता कामा नये हो. रात्री मी नाइट ड्यूटीला गेले की ती झोपत नाही, खिडकीत बसते. तिकडे गाईंकडे कुणाची वाट बघणार ती?" आणि पदर तोंडाला लावला.

मुलीने माझ्या कपात साखर घातली. चार चमचे. मी तो चहा प्यायले.

मी वकीलपत्र तिच्यापुढे ठेवलं. मावशीच्या नाही, मुलीच्या. तिने सही करण्याआधी पट्टी मागितली, ओळ आखली, आणि त्या ओळीला टांगून, बाईंच्याच वळणात, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. पुढे कोर्टात काकांच्या वकिलांनी याच सहीवर हरकत घेतली. वेड्या माणसाचं वकीलपत्र चालतं कसं? मी म्हणाले, वेडी हे अजून ठरायचंय, आणि याच कोर्टाने मागे ती तशी नाही असं ठरवलंय. बाईंनी हरून मिळवलेला तो हुकूम मी पुढे केला. त्याक्षणी बाई तिथे असत्या तर माझ्याकडे कशा बघत्या, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

जज्ज नवीन होते. वयस्क, तुटक बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. जुन्या हुकमाला त्यांनी मान दिली, पण म्हणाले, मला स्वतः बघायचंय. परत चेंबर, परत तीच खुर्ची. मुलगी याही वेळी इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, पण वेण्या मावशीने घातल्या होत्या आणि एक जरा सैल होती. काका भिंतीशी बसले. मावशीला मी बजावलं होतं, ओठ मिटून बसायचं.

"तुला कुठे राहायचंय?" जज्जांनी थेट विचारलं.

मुलीने मागे वळून बघितलं. मावशीकडे नाही, मावशीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. तिथे हलणारे ओठ नव्हते. मग ती समोर वळली आणि सुरू झाली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पत्ता, पिनकोड. आज गुरुवार. खरं तर त्या दिवशी सोमवार होता. राजधानी दिल्ली. पंतप्रधान मधल्या वर्षांत बदलून गेले होते, तिच्यासाठी जुनेच राहिले होते. आग लागली तर बाहेर पळीन. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं एकामागून एक येत होती आणि काकांच्या वकिलांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. आता त्यांना काही करायची गरज नव्हती. मी मान खाली घातली. संपलं, असं मला वाटलं. उद्या-परवा हिला गाडीत बसवतील.

"झालं," मुलगी म्हणाली. "आता घरी जाऊया."

"तेच विचारतोय," जज्ज म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "कुठल्या घरी? काका म्हणतात तिकडे छान आहे. गाई आहेत."

मुलगी गप्प झाली.  हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने गळ्यातली किल्ली ड्रेसमधून बाहेर काढली आणि हातात घट्ट धरली.

"नको गाई," ती म्हणाली. "माझ्या घरी. दार मी उघडते."

"आणि कोणी चोर आला तर?"

"मावशी आली की उघडते. बेल दोनदा." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती पुढे वाकली आणि जज्जांना म्हणाली, "तुम्ही या हं घरी. मावशी चहा करते. साखर मी घालते."

जज्जांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मग काकांना त्यांनी एकच प्रश्न विचारला. आईच्या मृत्यूनंतर तुम्ही या घरी किती वेळा चहाला गेलात? काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. ते खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांचं श्रेय मी त्यांना देते.

हुकूम दुपारी झाला. अर्ज नामंजूर. आपल्या राहण्याबद्दल तिचं मत स्पष्ट आहे, ते डावलायला कारण दिसत नाही. पेन्शन अर्थातच गेली ती गेली. मावशी निवृत्त झाल्यावर काय, मावशी थकल्यावर काय, यावर त्या हुकमात एक ओळही नव्हती, आणि लिहायची म्हटली तरी तेव्हाच्या कायद्यात ती कुठून आणणार. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. तरीही मला आनंद झाला, आणि तो चांगला घसघशीत झाला.

व्हरांड्यात मुलीने माझा कोट ओढला.

"मी पास?"

या शब्दाचा मला राग होता. पण मी म्हणाले, "हो. पास."

"मग पेढे?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली. आम्ही कोणी पेढे आणले नव्हते. बाईंसारखा भरवसा कोणालाच नव्हता. "थांब, आणते," मी म्हणाले आणि कोट घातलेल्या अवस्थेत, उन्हात, रस्ता ओलांडून मिठाईच्या दुकानात गेले. माझ्या एवढ्या वकिलीत मी निकालानंतर पेढे आणायला गेलेय ती त्याच दिवशी.

बॉक्स मुलीने माझ्या हातातून घेतला आणि वाटायला निघाली. मोठ्यांना आधी, असं बाईंनी शिकवलं होतं, म्हणून ती सगळ्यात आधी काकांपुढे जाऊन उभी राहिली. काका जिन्याकडे निघाले होते. ते थांबले. भर व्हरांड्यात, वकिलासमोर, पुतणीने धरलेला पेढा नाकारणार कसा? घ्यावाच लागला.

"घरी या हं," ती त्यांना म्हणाली. "साखर मी घालते."

काकांनी पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली.  मग पट्टेवाला झाला, टायपिंगवाला झाला, काकांचे वकील झाले, मावशी झाली. मी माझी पाळी यायची वाट बघत हात पुढे करून उभी होते. बॉक्समध्ये एकच उरला होता.

"कोटमावशी पेढे खात नाही," मुलगी मावशीला म्हणाली.

इतकी वर्षं झाली होती, आणि तिच्या बरोब्बर लक्षात होतं!

"खाते गं," मी म्हणाले. "आज खाते. दे मला."

तिने झाकण लावलं आणि बॉक्स छातीशी धरला.

"हा आईचा," ती म्हणाली.